भाडेकरूंचा डोंगर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. पण घर पाहावे भाड्याने घेऊन, असे काही त्यांनी सांगून ठेवले नाही. ज्यांनी ही म्हण केली त्यांच्या काळी माणसाला वाडा असे किंवा झोपडी असे. भाड्याच्या घराची यातायात त्यांना ठाऊक नसावी. आपल्या पिढ्यांना मात्र ती चांगली पाठ झाली आहे. भाड्याचे घर पाहायला निघालेल्या कोणाही गृहस्थाच्या मनातले चित्र विचारा, ते बहुधा एकच निघते. गजबजाट नको, पुढेमागे चार झाडे हवीत, सकाळी पाखरांनी उठवावे, आणि एवढे सगळे असून स्टेशन मात्र दहा मिनिटांवर असावे! दलाल हे सारे शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि नेमकी पिठाच्या गिरणीला लागून असलेली खोली दाखवतो.

ही शांत, हिरव्या वस्तीची ओढ आपल्याकडे कशी रुजली याचा शोध घेऊ लागले तर फार लांब जावे लागत नाही. निदान कर्जत-खालापूरच्या माणसाला तर नाहीच नाही. त्याने अंगणात यावे आणि मान वर करावी. समोरचा तो लांबट, सपाट माथ्याचा, रानाने झाकलेला डोंगर म्हणजे माथेरान. नकाशावर ते आमच्या कर्जत तालुक्यात असले तरी व्यवहाराने ते मुंबईचेच एक उंचावरचे उपनगर म्हणून वाढले. मुंबईकरांनी तिथे घरे बांधली, मुंबईकरांनीच ती एकमेकांना भाड्याने दिली. या डोंगराचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, पण तो बहुधा सृष्टिसौंदर्याचा इतिहास असतो. भाड्याच्या अंगाने तो पाहिला तर निराळीच माणसे दिसू लागतात.

गोष्ट सुरू होते सन १८५० च्या मे महिन्यात. ह्यू पॉयन्ट्झ मॅलेट हे ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर. त्या वेळी आमचा मुलूख ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. कर्जत तालुका कुलाब्याकडे गेला तो १८९१ साली, आणि कुलाब्याचे रायगड झाले ते १९८१ साली. साहेबांचा तळ पडला होता चौकला, म्हणजे आजच्या खालापूर तालुक्यात. मे महिन्यातले चौक ज्याने एकदा सोसले आहे त्याला साहेबांच्या मनःस्थितीची कल्पना द्यावयास नको. एका संध्याकाळी ते डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या पात्रातून वर चढत गेले. खाली भट्टी आणि वर गार वारा, दाट सावली, पायाखाली तांबडी जांभ्याची माती. साहेब हरखून गेले. पावसाळा सरल्यावर ते पुन्हा आले, एका लहानशा झोपडीत राहिले आणि निरनिराळ्या टोकांपर्यंत पायवाटा आखून घेतल्या. त्यांच्या मागोमाग इतर अधिकारी आले आणि पाहता पाहता घरे उठू लागली. कॅप्टन बार यांचे ‘बार हाऊस’ त्या पहिल्या घरांपैकीच.

पुस्तकांतून याला ‘माथेरानचा शोध’ म्हणतात. शोध कसला? ठाकूर, कातकरी आणि धनगर या माथ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. नावसुद्धा त्यांच्याच तोंडचे. कोणी म्हणतात माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, कोणी म्हणतात मातेचे रान. ज्या जागेला आधीच नाव आहे तिचा शोध कसा लागतो, हे वर्गातल्या मुलांना समजावून सांगण्याची युक्ती मला अजून सापडलेली नाही. पण एक खरे, की ठाकरांच्या आणि धनगरांच्या वावराला कागद नव्हता. मॅलेटसाहेबांबरोबर डोंगरावर पहिल्यांदा जी वस्तू चढली ती म्हणजे कागद. प्लॉट, नकाशा, करारनामा आणि पावती.

मुंबईच्या साहेबलोकांना उन्हाळ्यात महाबळेश्वर होते. परंतु ते दूर. माथेरानचे नशीब उघडले ते आगगाडीने. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि १८५६ च्या मे महिन्यात तीच लोखंडी वाट कल्याणहून पळसदरीवरून थेट खोपोलीपर्यंत आली. (बोरघाटातला चढ तयार व्हायला १८६३ उजाडले. तोवर पुण्याला जाणारा उतारू खोपोलीला उतरून पालखीतून घाट चढे आणि वर पुन्हा गाडीत बसे. त्या सात वर्षांत खोपोलीच्या पालखीवाल्यांनी जी कमाई केली असेल तिचा हिशेब कोणी ठेवला नाही, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.) याच वाटेवर नेरळ. सकाळी मुंबईहून निघालेला माणूस संध्याकाळचा चहा माथेरानच्या ओसरीवर घेऊ शकतो, हे एकदा सिद्ध झाल्यावर डोंगर उपनगर व्हायला कितीसा वेळ? त्याआधीच, १८५५ साली, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन स्वतः येऊन गेले होते आणि त्यांच्या नावाचा बंगलाही पुढे उभा राहिला. मोठ्या माणसाने जिथे घर केले तिथे भाडे चढते, हा नियम तेव्हाही होता.

या वस्तीची आखणी मात्र विचारपूर्वक झाली, आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला दिले पाहिजे. रस्ते सरळ न काढता डोंगराच्या कलाने वळवले. घरे झाडांच्या आड ठेवली. शेजाऱ्याचा दिवा दिसावा, शेजारी दिसू नये, असे अंतर. जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या दाटीतून एकदम दगडी जोत्याचा, उतरत्या छपराचा, रुंद ओसरीचा बंगला समोर यावा आणि चार पावलांवर पुन्हा नाहीसा व्हावा. झाड तोडायला बंदी. आणि मुख्य गोष्ट अशी, की बंगल्यांची जमीन सरकारने विकून टाकली नाही, ती भाडेपट्ट्याने दिली. बंगला तुमचा, पण त्याच्याखालची माती सरकारची! म्हणजे ज्याच्या दारावर पितळेची पाटी, ज्याच्या फाटकावर पहारेकरी, तोदेखील कोणाचा तरी भाडेकरूच.

इंग्रज अधिकारी बदल्यांवर जात, निवृत्त होऊन विलायतेला परतत. त्यांची घरे हळूहळू मुंबईच्या पारशी, बोहरी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या हाती आली. टोकांना आणि तळ्यांना साहेबांची नि मडमांची नावे राहिली, शार्लोट, लुईझा, अलेक्झांडर, हार्ट. घरे मात्र दुसऱ्यांची झाली. मालक काही बारा महिने राहत नसे. दिवाळीनंतर थोडे दिवस आणि मग मे महिना. उरलेल्या दिवसांत बंगला रिकामा. इथून भाड्याचा व्यवहार रंगू लागला. सबंध बंगला हंगामापुरता, नाहीतर एखादा अर्धा भाग महिन्यापुरता. मुंबईतल्या डॉक्टरने ‘हवापालट करा’ असे सांगितले की ओळखीपाळखीतून निरोप जात. भाड्यात खाटा, टेबले, भांडी धरलेली असत, पण गाद्या, डबे, लोणच्याच्या बरण्या आणि स्वयंपाकी ज्याचा त्याने आणायचा. आजच्या घरोघरच्या सहलींपेक्षा तो प्रकार फार निराळा. ते पाहुणपण नव्हते, ते बिऱ्हाड होते. पंधरवडाभर, महिनाभर एका घरात राहायचे, रोज ठरलेल्या टोकापर्यंत चालत जायचे, शेजारच्या बंगल्यातल्या मंडळींशी ओळखी करायच्या आणि जूनचे ढग दिसताच बोचकी बांधायची.

एवढा पसारा वर न्यायचा कसा, हा प्रश्न होता. माणसे तट्टांवर, पालख्यांत, सामान डोक्यावर. मग सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम हाती घेऊन १९०७ साली छोटी गाडी डोंगरावर नेली. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, वाट सुमारे वीस किलोमीटर, खर्च त्या काळचे सोळा लाख रुपये. मुंबईच्या एका व्यापारी घराण्याने आमच्या तालुक्यात एवढी रक्कम दगड फोडण्यात ओतावी याचे मला आजही नवल वाटते. गाडी यायच्या थोडे आधी, १९०५ साली, माथेरानला नगरपालिका मिळाली. चार-दोन हजार माणसांच्या वस्तीला नगरपालिका! पण बंगले होते, तेव्हा दिवाबत्ती हवी, पाणी हवे, झाडलोट हवी.

आता ती झाडलोट कोणी करायची? येथूनच आपल्या गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो.

शांतता ही फुकट उगवत नाही. माथेरानात मोटार नाही, म्हणून कर्णा नाही, धूर नाही, हे आपण कौतुकाने सांगतो. पण मोटार जे ओझे वाहते ते कोणाच्या तरी डोक्यावर जाते, हे सांगत नाही. नेरळकडच्या आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांतले ठाकूर-कातकरी भल्या पहाटे चढायचे ते लाकूडफाटा, भाजी, दूध, कोंबड्या घेऊन. तट्टूवाले, पालखीचे भोई, आणि पुढे हातरिक्षा आल्यावर तिला एक पुढून ओढणारा, दोघे मागून ढकलणारे. बंगल्याच्या मागच्या बाजूला एक बुटकी चाळवजा इमारत असे; तिच्यात माळ्याचे बिऱ्हाड. बंगला बारा महिने राखायचा तो त्यानेच. जून ते सप्टेंबर या डोंगरावर पाऊस असा कोसळतो की भिंतींना पाझर फुटतात आणि कपड्यांना बुरशी धरते. त्या दिवसांत मालक मुंबईत, भाडेकरू मुंबईत आणि माळी वर. हंगामात ज्या ओसरीवर तो जोडे काढूनही चढत नसे, ती त्या चार महिन्यांत त्याच्याच हवाली. अशा तऱ्हेने सरकारचा भाडेकरू मालक, मालकाचा भाडेकरू हवापालटवाला, आणि सर्वांच्या खाली, भाडे न देता आणि हक्क न मिळवता राहणारा माळी, अशी ही उतरंड होती. बाजारपेठेतले लोक त्यांच्या मधले. न्हावी, धोबी, वाणी, चांभार. ते हंगामावर जगत आणि पावसाळ्यात उधारीवर.

त्याच बाजारातल्या एका न्हाव्याच्या घरी १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. हाच मुलगा पुढे शिकून वकील झाला, आणि भाई कोतवाल म्हणून आमच्या भागात घरोघरी ओळखला गेला. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी बंगल्यांच्या ओसऱ्यांवर बसून साहेबांच्या आणि शेठजींच्या दाढ्या केल्या, त्या समाजातला हा तरुण माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. त्याला वकिली करून मुंबईत छानसे बिऱ्हाड करता आले असते. तो खाली उतरला तो कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी. सावकाराच्या दारी पावसाळ्यात धान्यासाठी जावे लागू नये म्हणून त्याने धान्याच्या पेढ्या काढल्या, शाळा काढल्या. १९४२ च्या चळवळीत त्याचा आझाद दस्ता डोंगरांत शिरला. खोपोलीला टाटांचे वीजघर १९१५ पासून चालू होते. आमच्या घाटाखालची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जाई आणि आमची खेडी अंधारात असत. कोतवालांच्या दस्त्याने त्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच पडले. कोतवालांचे वय तीस. माथेरानच्या हवेची तारीफ करणारी पुस्तके पुष्कळ आहेत. त्या हवेत वाढलेल्या या मुलाला त्यांतल्या बहुतेकांत एखादी ओळ मिळालेली नाही.

जे डोंगरावर झाले तेच थोड्या निराळ्या रीतीने खाली शहरातही झाले, आणि आमच्या कर्जत लोकलच्या वाटेवरच झाले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातल्या कोंदट चाळींतून तो फैलावला तेव्हा सरकारला हवेची आणि उजेडाची आठवण झाली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने शहराच्या उत्तरेला, दादर-माटुंग्याच्या शेतांत आणि खाजणांत, रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या जागा सोडलेल्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याची फळे. पारशी कॉलनीत तर मंचेरजी जोशी नावाच्या इंजिनियराने एकेका रस्त्याला एकेक जातीचे झाड लावून घेतले. इथेही जमीन ट्रस्टने लांब मुदतीच्या पट्ट्यानेच दिली, आणि त्या पट्टेदारांनी बांधलेल्या दुमजली-तिमजली इमारतींतून कारकून, मास्तर, वकील, डॉक्टर अशी मध्यमवर्गीय मंडळी भाड्याने राहू लागली. माथेरानला जे पंधरा दिवस मिळे ते दादरला बारा महिने मिळू लागले म्हणा ना. मैदानाशेजारचा शिवाजी पार्कही असाच. मैदान १९२५ साली खुले झाले ते माहीम पार्क या नावाने. अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे १९२७ साली त्याला छत्रपतींचे नाव मिळाले.

पण भाड्याच्या घराचा प्रश्न नुसत्या भाड्याने सुटत नाही. घर दाखवण्याआधी मालक नाव विचारतो, आणि नावाच्या आत काय आहे तेही विचारतो. डॉ. आंबेडकर १९१७ साली विलायतेहून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या एका मुक्कामघरात ते पारशी नाव सांगून राहिले. काही दिवसांतच हाती काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि त्यांना सामानासकट बाहेर पडावे लागले. एवढी विद्या, एवढी पदवी, संस्थानची नोकरी आणि खिशात भाडे असून तो माणूस बागेत झाडाखाली जाऊन बसला. पुढे १९३० च्या सुमारास त्यांनी दादरच्या त्याच हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधावयास घेतले. भाड्याने मिळत नव्हते ते बांधून मिळवले, आणि त्यात आधी जागा काढली ती पुस्तकांना. आपली म्हण मला इथे निराळ्याच अर्थाने आठवते.

कायद्यानेही आपल्या परीने भाडेकरूची कड घेतली. पहिल्या महायुद्धाच्या महागाईत १९१८ साली मुंबईत भाडेवाढीला लगाम घालणारा कायदा आला. १९४७ च्या कायद्याने तर भाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याशी बांधून टाकले. भाडेकरू निश्चिंत झाला, मालक रुसला, छपरे गळू लागली आणि पागडी सुरू झाली. १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा २००० साली अंमलात आला. पण तोवर अकरा महिन्यांच्या कराराची चाल पडून गेली होती. अकरा महिने! माथेरानचा हंगामी भाडेकरू निदान आपण हंगामी आहोत हे जाणून येत असे. आज शहरातले कुटुंब दर अकरा महिन्यांनी भिंतीवरचे खिळे मोजते, आणि मूल शाळेत नवा पत्ता लिहून आणते. असा बदललेला पत्ता हजेरीपटावर खोडून लिहिताना हात जड होतो.

डोंगरावर परत येऊ. माथेरान आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. मोटारीला दस्तुरी नाक्यापर्यंतच येता येते. पुढे पाय, घोडा किंवा छोटी गाडी. झाडे वाचली, ही सोन्यासारखी गोष्ट झाली. मात्र हातरिक्षा चालूच राहिली. माणसाने माणसाला ओढावे आणि तेही चढावर, याला पर्यावरण म्हणावे काय? रिक्षा ओढणाऱ्यांच्याच संघटनेने विजेच्या रिक्षांची मागणी लावून धरली, घोडेवाल्यांनी पोटाच्या भीतीने तिला विरोध केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रयोगादाखल धावली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवली आणि सहा महिन्यांच्या आत हातरिक्षा बंद करा, असा आदेश दिला. मॅलेटसाहेब चौकहून चढले त्याला तेव्हा पाऊणशे अधिक शंभर वर्षे झाली होती. घोडेवाल्यांना दोष देण्याचे मला धाडस होत नाही. त्यांच्या घरी बारा महिने चूल पेटते ती चार महिन्यांच्या हंगामावर.

आणि ते चौक! तिथून जवळच इर्शाळगड आहे. माथेरानच्या टोकावरून त्याचा सुळका स्वच्छ दिसतो आणि पाहुणे त्याची छायाचित्रे काढतात. त्याच्या उतारावर इर्शाळवाडी होती, ठाकरांची. गार वारा, दाट झाडी, पाखरांशिवाय आवाज नाही. शहरातला माणूस जी वस्ती मागतो तीच, आणि तिला भाडेही नव्हते. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा कडा तिच्यावर आला. सत्तावीस देह सापडले. सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. वाचलेली कुटुंबे खाली चौकला लोखंडी कंटेनरांत राहायला आली. मे महिन्यातल्या चौकबद्दल मी वर लिहिले आहेच.

आता हवापालटाची दिशाही थोडी पालटली आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, जिथे पूर्वी भाताची खाचरे होती तिथे, मुंबईकरांची शनिवार-रविवारची घरे उठली आहेत. ज्या शेतकऱ्याने जमीन दिली तोच पुष्कळदा त्या घराचा रखवालदार असतो. तर वर माथेरानच्या बाजारात घरोघरी ‘खोल्या भाड्याने मिळतील’ अशा पाट्या दिसतात. बंगलेवाल्यांचा धंदा माळ्यांच्या आणि बाजारकऱ्यांच्या नातवंडांनी उचलला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात पुढची खोली पाहुण्यांना देऊन घरची मंडळी मागे, स्वयंपाकघराच्या अंगाला, दाटीवाटीने निजतात. मृगाचा पाऊस आला की पाहुणे खाली उतरतात, छोटी गाडी नेरळला विसावते, आणि आजी आपली वळकटी उचलून पुन्हा पुढच्या खोलीत, खिडकीशी अंथरते.